कोर्ट उठेपर्यंत

जुलैमधला दुसरा मंगळवार. रक्कम अडीचशे रुपये. हजर माणसं अशी: मॅजिस्ट्रेटसाहेब, त्यांचा शिरस्तेदार, सरकारी वकील, आमचा वकील, पोलीस ठाण्याचा एक हवालदार, आरोपीच्या पिंजऱ्यात माझी आई आणि मागच्या बाकावर बाबा व मी. जिच्या नाकाडोळ्यांवरून खटला उभा राहिला ती पोलीस खात्याची कुत्री हजर नव्हती. ज्यांच्या बांगड्या चोरीला गेल्या होत्या ते पाटणकरही आले नव्हते. ते येतील अशी माझी अपेक्षा होती. अपेक्षा कशाला म्हणायचं, ते यावेत आणि त्यांनी माझ्या डोळ्याला डोळा भिडवून बघावं, असं मला वाटत होतं. ते त्या दिवशी दाढी करून वेळेवर कामाला गेले.

आमच्या घरात पुढे या प्रकाराला 'कुत्र्याची केस' असं नाव पडलं. बाबा म्हातारपणी पाहुण्यांना ती गोष्ट हसत हसत सांगायचे. त्यांच्या सांगण्यात कुत्री उड्या मारायची, हवालदाराची टोपी पडायची आणि आई वाघिणीसारखी उभी राहायची. पाहुणे हसायचे, आई आत भांडी आवरत असायची. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. नोकरीची एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका शोधण्यात घालवली, आणि चूक सापडली की ती गोड शब्दांत सांगायची सवय मला कधी लागली नाही. ही गोष्टही मी गोड करणार नाही.

घाटकोपर पश्चिमेला टेकडीच्या उतारावर आमची दुमजली चाळ होती. पहिल्या मजल्यावर आठ खोल्या, त्यांच्यासमोरून जाणारी एक लांब गॅलरी, टोकाला नळ आणि संडास. जिन्याकडून मोजलं तर आमची खोली सहावी आणि पाटणकरांची तिसरी. वर पत्रे होते, त्यामुळे कावळा बसला तरी आवाज यायचा. टेकडीवर दिवसभर दगड फोडायचं काम चाले आणि मधूनच सुरुंगाचा दबका धक्का बसून मांडणीतले पेले एकमेकांना लागत. पाणी पहाटे साडेपाचला यायचं. तेव्हापासून गॅलरीत पत्र्याच्या बादल्या, स्टोव्हला मारलेले पंप, कोणाच्या तरी रेडिओवरची भक्तिगीतं आणि बायकांची बोलणी असा एकच गलका असायचा. आई त्या गलक्यात फार नसे. ती मालवणकडची, लग्न होऊन मुंबईत आलेली, आणि वीस वर्षं झाली तरी घरात मालवणीच बोलणारी. बाहेर बोलायची वेळ आली की ती आधी मनात शब्द जुळवायची आणि मगच तोंड उघडायची. तोवर समोरच्याचं बोलून झालेलं असायचं.

बाबा एका औषध कंपनीच्या गोदामात कारकून होते. स्वभावाने गरीब, असं सगळे म्हणायचे. मला आता तो शब्द पटत नाही. गणवेशातला माणूस दिसला की बाबांची पाठ आपोआप वाकायची. पोस्टमनसमोरसुद्धा ते उभे राहून बोलत. पगार महिन्याला आठशे चौऱ्याऐंशी, म्हणजे कामाच्या सव्वीस दिवसांना भागलं तर दिवसाला चौतीस रुपये. हा चौतीसचा आकडा पुढे लागेल. मी नुकतीच बारावी झाले होते, तिघा मुलांच्या शिकवण्या घेत होते, आणि कॉलेजच्या फीसाठी साठवलेले तीनशे दहा रुपये एका चौकोनी डब्यात ठेवले होते.

मे महिन्यात आई वर्षाचा मसाला करायची. आमच्या घरात दिवाळीपेक्षा हा मोठा दिवस होता. तीन किलो बेडगी, दोन किलो संकेश्वरी, धणे, खसखस, दगडफूल, बडीशेप, हळकुंडं, सगळं मिळून त्या वर्षी एकशे अठ्ठ्याहत्तर रुपये झाले होते. बाबांच्या पगाराचा पाचवा हिस्सा. आदल्या दिवशी ती गॅलरीत फिरून प्रत्येक दारात सांगायची, "उद्या मसालो भाजतंय हां, कपडे आत घ्या." दुसऱ्या दिवशी डोक्यावरून आंघोळ करून, पदर खोचून, ती दारातच बसायची, कारण आत धूर मावत नसे. मोठ्या लोखंडी कढईत थोड्या तेलावर मिरच्या परतायच्या, त्या कुरकुरीत झाल्या की सुपात काढायच्या, हाताने चुरायच्या आणि मग कांडून आणायला गिरणीत पाठवायच्या. सगळी गॅलरी खोकायची. समोरून येणारे लोक तोंडावर रुमाल धरून जायचे आणि "काय वहिनी, मारताय काय आम्हाला!" असं म्हणत हसायचे. पण त्या दिवशी त्या सुपाला कोणी हात लावायचा नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मीसुद्धा हात धुतल्याशिवाय जवळ जायची नाही. मसाल्याला खरकटा हात लागला, कशाचं तोंड लागलं, तर सगळा टाकायचा. आईची आई तसं करायची आणि तिची आईही तसंच करायची. वर्षभर रोजच्या जेवणात जे पोटात जाणार ते बाटलेलं चालणार नाही, इतकी ती साधी गोष्ट होती.

त्या दिवशी सकाळी पाटणकरकाकू किंचाळत बाहेर आल्या. त्यांच्या कपाटातल्या चार बांगड्या गेल्या होत्या. पाटणकरकाका चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी. पोलिसांत त्यांची ओळखही बरीच होती. म्हणून असेल किंवा त्या दिवशी दुसरं काही काम नसेल म्हणून असेल, अकराच्या सुमारास पोलीस आले आणि सोबत कुत्री घेऊन आले. काळी, तपकिरी पायांची, आखूड शेपटीची डॉबरमन. नाव शीबा. तिला सांभाळणारे हवालदार शिंदे, साताऱ्याकडचे, पन्नाशीचे. चाळीतली सगळी माणसं गॅलरीत, जिन्यात आणि खालच्या अंगणात जमली. पोलिसांचा कुत्रा ज्याच्या दारात थांबेल तो चोर, असं तेव्हा सर्रास मानत. शिकलेली माणसंही मानत. पाटणकरांच्या कपाटाखाली एक फडकं पडलेलं होतं, ते घरातलं नाही असं काकू म्हणाल्या. ते शीबाला हुंगवलं. ती गॅलरीत आली. एकदा जिन्याकडे गेली, परतली, चौथ्या खोलीसमोर घुटमळली, पाचवी सोडली आणि सरळ आमच्या दाराकडे आली.

आईला यातलं काही माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. काकूंचं ओरडणं तिने ऐकलं होतं, पण कढईत मिरच्या होत्या. त्या सोडून उठलं असतं तर करपल्या असत्या. धुरामुळे तिचे डोळे गळत होते. मी तिच्या मागे दोन हातांवर उंबऱ्यात उभी होते. धुरातून एकदम कुत्र्याचं तोंड बाहेर आलं आणि सुपाच्या काठाला टेकलं. आई ओरडली, "अरे, ह्यो कुत्रो खयसून इलो? हाड! हाड!" आणि तिच्या मुठीत जे होतं ते तिने फेकलं. मुठीत चुरलेली मिरची होती.

ती कुत्री जशी ओरडली तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकलेला नाही. ती जमिनीवर पडली, पंजांनी तोंड घासू लागली, शिंद्यांच्या हातातली दोरी सुटली. शिंदे गुडघ्यावर बसले आणि "ओ बाई, काय केलंत हे! डोळे गेले हिचे, डोळे गेले!" असं लहान मुलासारखं म्हणू लागले. सगळे मागे सरले. आई एकटी पुढे गेली. घरात सकाळचं अर्धा लिटर दूध होतं, तापवून गार केलेलं. ते पातेलं घेऊन ती कुत्रीजवळ बसली, शिंद्यांना म्हणाली, "डोक्यां घट धरा," आणि दुधात भिजवलेल्या फडक्याने तिने कुत्रीचे डोळे आणि नाक पुसायला घेतलं. कुत्री तिला चावली असती तर मनगटच गेलं असतं. सगळं दूध संपेपर्यंत ती पुसत होती. साबणाने हात धुतल्याशिवाय ज्या बाईने कोणाला सुपाजवळ येऊ दिलं नसतं, तिचा एक हात कुत्रीच्या जबड्यात होता. हे चाळीतल्या कमीत कमी चाळीस माणसांनी पाहिलं. पंचनाम्यात यातलं एक अक्षर नाही.

पंचनामा फौजदाराने लिहवून घेतला. तरुण होता, बूट चकचकीत होते. त्याने सूप पाहिलं, कढई पाहिली आणि मागे वळून लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मिरचीची युक्ती आम्हाला नवीन नाही. वास मारायचा असला की चोर हेच करतात."

"अहो साहेब, आमचा वर्षाचा मसाला आहे," मी म्हणाले.

"आजच बरा केलात."

"काल सगळ्यांना सांगितलंय आम्ही. विचारा कोणालाही."

तो पाटणकरांकडे वळला. "काय हो, सांगितलं होतं?"

काल संध्याकाळी आई त्यांच्या दारात उभी राहिली तेव्हा पाटणकरकाका स्वतः पेपर वाचत बसले होते. "कशाला सांगता दरवर्षी, नाकाला कळतंच की," असं ते म्हणाले होते. मी मागे होते. आता ते म्हणाले, "असेल सांगितलं. मला काही आठवत नाही बुवा."

खोलीची झडती झाली. पिठाचे डबे उपसले, गाद्या उसवल्या. काही मिळालं नाही, मिळण्यासारखं नव्हतंच. कुत्री त्या फडक्याच्या वासावर आली की भाजलेल्या मसाल्याच्या, हे मला माहीत नाही आणि कोणालाच कधी कळणार नाही, कारण त्यानंतर त्या दिवशी तिला काहीच हुंगता आलं नाही. चोरीत आईचं नाव घालायला त्यांच्याकडे काही नव्हतं. म्हणून कुत्रीचं कलम लावलं: चारशे एकोणतीस. पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचा प्राणी मारणं, त्याला विष देणं, अपंग करणं, निकामी करणं. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. कागदावर शीबाची किंमत प्रशिक्षणासह आठ हजार रुपये आणि दुखापत 'घ्राणशक्ती निकामी झाल्याचा संभव' अशी लिहिली होती. हे मी सगळं नंतर वाचलं. त्या दिवशी फक्त एवढंच कळलं की आईला ठाण्यावर नेणार. बाबांना गोदामातून बोलावून घेतलं. ते धावत आले आणि काय झालं हे आईला विचारायच्या आधी फौजदारापुढे हात जोडून म्हणाले, "साहेब, चूक झाली."

कसली चूक, हे त्यांना माहीत नव्हतं. मला आजही त्या तीन शब्दांचा संताप येतो.

जामिनावर ती संध्याकाळीच घरी आली. सूप तसंच दारात पडलं होतं. तिने सगळा मसाला, भाजलेला आणि न भाजलेला, खाली कचऱ्याच्या पेटीत टाकला. त्या वर्षी आम्ही दुकानातली पिशवीतली लाल पूड खाल्ली. चाळीत आमचं नाव बदललं. पोरं आईला 'मिरचीबाई' म्हणायला लागली. नळावर ती गेली की बोलणी थांबायची. पाचव्या खोलीतला सदा, जो रोज आईकडून लोणचं मागून न्यायचा, जिन्यात मला म्हणाला, "काय गं नंदा, पोलिसांची वाट लावलीत की! बांगड्या कुठे दडवल्या, निदान आम्हाला तरी सांगा." तो थट्टा करत होता. त्याला ती थट्टा वाटत होती हे आणखी वाईट. मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वकील बाबांच्या साहेबांच्या ओळखीचा होता. कोर्टाजवळ एका इराण्याच्या हॉटेलात तो आम्हाला भेटला. बनपाव चहात बुडवत त्याने सगळं ऐकलं आणि आईला म्हणाला, "हे बघा बाई, दोन रस्ते आहेत. एक, टाकलंच नाही, सूप कलंडलं म्हणायचं. सोबत कोणी साक्षीदार उभा करू. केस लढू, दोन वर्षं लागतील, सुटाल असं वाटतं. दुसरा, गुन्हा कबूल. पहिलाच गुन्हा, बाईमाणूस, दंडावर मिटेल. एका दिवसात मोकळ्या."

आईने मनात शब्द जुळवले. "मी टाकलं. सूप कलंडलं नाही. मी कुत्र्याला हाकलायला टाकलं."

"ते कोर्टात सांगायला वकिलाची गरजच नाही मग," तो हसून म्हणाला. "टाकलं म्हटलं की निम्मी केस त्यांची. बाकीचं हाकलायला की आणखी कशाला, हे सिद्ध करायला पुन्हा तीच दोन वर्षं."

"पण खरं ते आहे."

"खरं असेल हो. तारखा पडतात त्याचं काय?"

आईला यापेक्षा जास्त काही नको होतं. लोकांसमोर उभं राहून एक वाक्य सांगायचं: मी टाकलं, पण कुत्र्याला हाकलायला टाकलं, चोराला लपवायला नाही. सुटका झाली नसती तरी तिला चाललं असतं. घरी आल्यावर तिने मला विचारलं, "माका सांगूक देतले मां थंय?" आणि मी उत्तर द्यायच्या ऐवजी वही काढली.

माझा हिशेब असा होता. लढायचं ठरवलं तर वीस तारखा. वकिलाचे तारखेला पन्नास, म्हणजे हजार. बाबांचा पगार कापला जाणार, चौतीस गुणिले वीस, सहाशे ऐंशी. तिघांचं दोन बसचं जाण्यायेण्याचं भाडं सात रुपये वीस पैसे, वीस वेळा, एकशे चव्वेचाळीस. एकूण एक हजार आठशे चोवीस. कबूल केलं तर वकिलाचे एकदाच दीडशे, दंड फार तर अडीचशे, एका दिवसाचा पगार चौतीस, बसभाडं सात वीस. चारशे एक्केचाळीस रुपये वीस पैसे. फरक एक हजार तीनशे ब्याऐंशी रुपये ऐंशी पैसे. मी खाली दोन रेघा मारल्या आणि कागद आईपुढे ठेवला. बाबा म्हणाले, "पोर हुशार आहे. बघ, समोर दिसतंय ना?" तिला वाचायला येत होतं. तिने आकड्यांवरून बोट फिरवलं, वरून खाली, मग पुन्हा वर.

"ह्या कागदार मी खयं आसंय गो?" तिने विचारलं.

मी म्हणाले, "आई, भावनेच्या आहारी जाऊ नकोस." हे मी म्हणाले. अठरा वर्षांची मी, माझ्या आईला. त्या वेळी मला ते वाक्य मोठ्या माणसासारखं वाटलं होतं.

कोर्टात आमचं नाव अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पुकारलं. मॅजिस्ट्रेटच्या मागे मोठं घड्याळ होतं, म्हणून वेळ नक्की माहीत आहे. शिरस्तेदाराने आरोप भरभर वाचला. मॅजिस्ट्रेटनी वर न पाहता विचारलं, "आरोप समजला? गुन्हा कबूल आहे?"

"साहेब, मी टाकलं, पण..." आई म्हणाली.

"कबूल आहे, साहेब," आमचा वकील म्हणाला.

मॅजिस्ट्रेटनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "थांबा वकीलसाहेब. बाईंना बोलू द्या. हां बाई, काय म्हणत होतात?"

त्या माणसाने दार उघडून धरलं होतं, ही गोष्ट मी कधी कोणाला सांगितली नाही. बाबांनीही त्यांच्या गोष्टीत सांगितली नाही. आईने वळून मागे पाहिलं. बाबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. तिला मनात शब्द जुळवायला वेळ लागतो हे मला माहीत होतं, थोडा वेळ मिळाला तर ती नीट सांगेल हेही माहीत होतं. माझ्या पर्समध्ये तो कागद होता. मी मान हलवली. एकदाच, खालच्या दिशेने, हो म्हणतात तशी.

तिने पुढे वळून शुद्ध मराठीत सांगितलं, "कबूल."

दंड रुपये अडीचशे, न भरल्यास पंधरा दिवस साधी कैद. आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. हे शेवटचं आम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं. माझ्या हिशेबात ते कुठेच नव्हतं. मी वकिलाला विचारलं तर तो फाइल बांधत म्हणाला, "अगं, नावाला असते ती. बसायचं फक्त. संध्याकाळी घरी." दंड मी भरला, माझ्या डब्यातल्या फीच्या पैशांतून, कारण बाबांकडे तेवढे नव्हते. बाबा घड्याळ बघत म्हणाले, आता निघालो तर अर्धा दिवस भरेल, सतरा रुपये वाचतील. आणि ते गेले. मी त्यांना अडवलं नाही. सतरा रुपये वाचले हे मला बरं वाटलं होतं, तेही लिहून ठेवते.

आई भिंतीकडेच्या बाकावर बसली. तिच्या एका बाजूला खिसे कापणारा एक माणूस होता, दुसऱ्या बाजूला हातभट्टीवाली एक बाई. अकरा चाळीसपासून पाच दहापर्यंत. साडेपाच तास. दुपारच्या सुट्टीत मी दोन केळी घेऊन गेले तर हवालदार म्हणाला, "द्या की, कोण नाही म्हणतंय." आईने ती घेतली नाहीत. पाणीही घेतलं नाही. पदर डोक्यावरून घेऊन ती समोर बघत बसली होती, आणि आत येणारा प्रत्येक वकील, प्रत्येक पक्षकार तिच्याकडे एक नजर टाकून मग आपल्या जागेवर जात होता. हातभट्टीवालीने तिला विचारलं, "काय केलंस गं बाय?" तिने पदर आणखी पुढे ओढला. नावाची शिक्षा! मी म्हणते, त्या वकिलाने एकदा साडेपाच तास त्या बाकावर बसून दाखवावं.

बसस्टॉपवर तिने फक्त एवढंच विचारलं, "आता कागदार काय लिवलां?"

"गुन्हा कबूल, असं लिहिलंय."

"बरां," ती म्हणाली.

महिन्याभराने भाजी बाजारात हवालदार शिंदे दिसले, साध्या कपड्यात. मी तोंड फिरवलं तर तेच जवळ आले. "आईंना सांगा, शीबा दहाव्या दिवशी कामाला लागली. दुधामुळे डोळे वाचले म्हणाले डॉक्टर. मी माझ्या जबाबात दुधाचं सगळं सांगितलं होतं हो."

"मग कागदात का नाही?"

"ते लिहिणाऱ्याला विचारा, ताई. मी सांगितलं होतं." त्यांनी पिशवीतली मेथी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "केस लढवली असतीत तर मी उभा राहून सांगितलं असतं. मी वाट बघत होतो समन्सची."

मी तशीच वकिलाकडे गेले. कुत्री बरी आहे, सांभाळणारा हवालदार साक्ष द्यायला तयार आहे, आता वरच्या कोर्टात जाता येईल का? त्याने चष्मा पुसला. "कबुलीवर अपील नसतं, बाळ. शिक्षा जास्त झाली म्हणायचं असेल तर तेवढ्यापुरतं जाता येतं. गुन्हा केलाच नाही, असं आता म्हणता येत नाही." सल्ल्याचे त्याने वीस रुपये घेतले. बांगड्या कोणी नेल्या ते आजपर्यंत कळलेलं नाही. पाटणकर वारले तेव्हा बाबा खांदा द्यायला गेले होते. मी गेले नाही, आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

ऑगस्टपासून आईने काज-बटणाचं काम आणायला सुरुवात केली. खालच्या रस्त्यावर शर्ट शिवणारा एक कारखाना होता, तिथून गठ्ठे यायचे. डझनाला नव्वद पैसे. दुपारी सगळं आवरल्यावर ती खिडकीत बसून मान खाली घालून बटणं लावायची. मला वाटलं, गेलेल्या मसाल्याचे पैसे भरून काढतेय. महिनाअखेरीला तिने माझ्यासमोर पंचवीस रुपये ठेवले.

"हे काय?"

"दंडाचे."

"आई, मी नाही घेणार."

"घी. माज्या नावार दंड, मगे दुसऱ्यान कित्याक भरूचो? कबूल मी केलंय." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता आलं असतं. "आणि पोचले म्हणान लिवन दी."

मी वाद घालायला हवा होता. निदान ते पैसे तिच्याच डब्यात परत टाकायला हवे होते. पण दुसऱ्या सत्राची फी भरायची होती आणि माझ्या वहीत अडीचशेचा खड्डा दिसत होता. मी कागद घेतला, तारीख घातली, रक्कम अक्षरी लिहिली, सही केली. तिने तो घडी करून ब्लाउजात ठेवला. पुढच्या महिन्यात पुन्हा पंचवीस. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. ती एकदाही चुकली नाही, एकदाही कमी दिले नाहीत. दहाव्या महिन्यात तिने शेवटचे पंचवीस मोजून दिले, मी 'पूर्ण पोचले' असं लिहून दिलं, आणि तिने तो कागद वाचला, माझी सही नीट तपासली, मग गठ्ठ्यातला पुढचा शर्ट मांडीवर घेतला.

सरकारजमा अडीचशे रुपये मी भरले होते, असं कोर्टाची पावती सांगते. ते खरं नाही. ते अडीचशे रुपये दहा हप्त्यांत माझ्या आईने मला भरले, आणि मी ते सगळे घेतले.